पत्र्याच्या ट्रंकेत टीव्ही कशाला? व्हिडिओशिल्प आणि सरकारी हिंसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत लोकांना प्रदर्शनं दाखवायला घेऊन जायचं, हा माझा उद्योग. गटात कधी निवृत्त शिक्षिका असतात, कधी आर्किटेक्चरची पोरं, एकदा तर अख्खं भिशी मंडळ होतं. चित्रांसमोर सगळे शांत असतात. व्हिडिओच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले की मात्र प्रश्नांची सरबत्ती सुरू होते, आणि विषय दंगल, तुरुंग, युद्ध असा असला तर चहा गार होईपर्यंत ती थांबत नाही. तेच प्रश्न इथे घेतलेत. क्रम लावलेला नाही, विचारले जातात तसेच ठेवलेत.

व्हिडिओशिल्प म्हणजे नेमकं काय? सिनेमा भिंतीवर दाखवला की झालं ना?

नाही झालं. सिनेमा बघताना पडदा विसरायचा असतो. व्हिडिओशिल्पात तो विसरू दिला जात नाही. टीव्हीचं खोकं, त्याची वायर, तो कशात ठेवलाय, किती उंचीवर आहे, त्याच्यापर्यंत पोचायला वाकावं लागतं का, हे सगळं कामाचा भाग असतं. माझी साधी कसोटी अशी : मागे जाऊन बघता येतं का? व्हिडिओशिल्पाला पाठ असते.

सुरुवात जर्मनीतली. वोल्फ फोस्टेल या कलाकाराने १९५८-५९मध्ये लाकूड, काटेरी तार, वर्तमानपत्राचे तुकडे यांच्यात चालू टीव्ही बसवला. नाझी काळ तेव्हा जेमतेम चौदा वर्षांपूर्वीचा. म्हणजे हा कलाप्रकार जन्मला तोच काटेरी तार घेऊन. नाम जून पाइक या कोरियन कलाकाराने १९६३मध्ये वुपर्टालच्या एका गॅलरीत चित्र बिघडवलेले टीव्ही संच मांडले, आणि पुढे 'व्हिडिओ आर्टचा जनक' ही पदवी त्याच्याकडे गेली. फोस्टेलवर थोडा अन्यायच झाला, पण ते भांडण आपलं नाही.

'मांडणीशिल्प' हा मराठीत रुळलेला शब्द इंस्टॉलेशनसाठी, म्हणजे खोलीत वस्तू मांडून उभं केलेलं काम. त्यात व्हिडिओ असला तर व्हिडिओ मांडणीशिल्प म्हणा, व्हिडिओशिल्प म्हणा. सीमारेषा पुसट आहे. समीक्षक त्यावर वाद घालतात, आपण चहा घेऊ.

सरकारी हिंसा आणि टीव्हीचं खोकं, यांचा संबंध काय?

यासाठी हारून फारोकीचं एक काम सांगतो. नाव ऐकून लोक विचारतात, आपल्याकडचा का? अर्धा. वडील हिंदुस्थानातून जर्मनीत गेलेले डॉक्टर, आई जर्मन. १९४४चा जन्म, २०१४मध्ये गेला. आयुष्यभर त्याने एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला : यंत्रं माणसाकडे कशी बघतात.

त्याचं २०००मधलं एक दोन पडद्यांचं काम आहे, 'मला वाटलं मी कैदी बघतोय' अशा अर्थाच्या नावाचं. त्यात कॅलिफोर्नियातल्या कॉर्कोरन तुरुंगाच्या पाळत-कॅमेऱ्याचं १९८९चं चित्रण आहे. तुरुंगातलं मोकळं आवार, पापडाचा तुकडा मोडावा तसं त्रिकोणी. टोकाशी पहारेकऱ्याची खिडकी. त्या खिडकीत दोन गोष्टी शेजारी शेजारी : कॅमेरा आणि बंदूक. कॅमेऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच बंदुकीच्या टप्प्यात येतं. आवार बांधलंच तसं आहे. दोन कैदी झटापट करतात, बाकीचे सवयीने जमिनीवर पालथे पडतात, आणि चित्राच्या कडेने एक पांढुरका धूर सरकत जातो. आवाज नाही. तो धूर बंदुकीचा, हे कळायला मला पहिल्या वेळी काही सेकंद लागले. तोवर माणूस पडलेला असतो.

शेजारच्या पडद्यावर सुपरमार्केटमधली गिऱ्हाइकं. कोण कुठल्या फडताळापाशी किती थांबलं, याची नोंद ठेवणारी संगणकी रेघ त्यांच्या मागे मागे फिरते.

दोन पडदे एकमेकांना खेटून असल्यामुळे तुमची नजर इकडून तिकडे जाते, आणि प्रत्येक वेळी तुम्ही पहारेकऱ्याच्या खिडकीतूनच बघत असता. दुसरी जागाच नाही. सरकार गोळी झाडतं ही बातमी झाली. गोळी झाडण्याआधी कुणी कुठे उभं राहून बघायचं याची आखणी कुणीतरी केलेली असते, आणि ती आखणी बातमीत येत नाही. ती दाखवायची तर सपाट चित्र पुरत नाही, जागा लागते. म्हणून खोकं, म्हणून खोली.

भारतातलं उदाहरण सांगा. शक्यतो मुंबईतलं.

नलिनी मलानी. जन्म कराची, १९४६. फाळणीत कुटुंब कोलकात्याला, तिथून १९५४मध्ये मुंबईला. शिक्षण जे. जे.मध्ये, आणि बरीच वर्षं स्टुडिओ लोहार चाळीत, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या मागे, जिथे आपण वायरी आणि स्विच घ्यायला जातो तिथे.

११ आणि १३ मे १९९८ला पोखरणला अणुचाचण्या झाल्या. २८ मेला चागईला आणि ३० मेला खारानच्या वाळवंटात पाकिस्तानने उत्तर दिलं. पेढे वाटले गेले, दोन्हीकडे. मलानींनी त्यानंतर जे केलं त्याचं नाव 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग'. मंटोची ती कथा तुम्हाला माहीत असेल : फाळणीनंतर दोन सरकारं ठरवतात की वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णांचीही वाटणी करायची, आणि बिशन सिंग नावाचा म्हातारा दोन देशांच्या मधल्या बेवारस पट्ट्यात कोसळतो. मलानींनी कथेचं नाट्यरूपांतर केलेलं नाही. त्यांनी त्या पट्ट्यात तुम्हाला उभं केलं.

खोलीत चार प्रोजेक्शनं आणि बारा पत्र्याच्या ट्रंका. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया. दोघी मिळून एका साडीची घडी घालू बघतायत. घरात साडीची घडी घालताना आपण काय करतो? एक जण पदर धरतो, दुसरा निऱ्यांकडचं टोक, मग पुढे येऊन टोकाला टोक जुळवायचं. इथे मध्ये अख्खी खोली आहे आणि खोलीत आपण आहोत. टोकं जुळत नाहीत. मोठ्या भिंतीवर अणुस्फोटाचा ढग. जमिनीवर मायलार, म्हणजे चकचकीत प्लॅस्टिकचा पातळ पडदा, त्यामुळे ढग पायाखालीही उगवतो. आणि ट्रंकांमध्ये, गोधडीत ठेवल्यासारखे, छोटे टीव्ही. त्यात घरदार सोडून निघालेल्या माणसांची चित्रं.

ट्रंकेत बघायला वाकावं लागतं. वाकलं की ढगाकडे पाठ होते. ढग बघायला वळलं की ट्रंकेतली माणसं सुटतात. दोन्ही एकदम बघायची सोय नाही, आणि ही गैरसोय मुद्दाम केलेली आहे. पुढे हे काम परदेशातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत फिरलं, पण ते मुंबईत तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मांडलं गेलं होतं याचं मला जास्त अप्रूप आहे. तिथे शाळेच्या सहली येतात, भुसा भरलेले प्राणी बघायला.

एकदा या कामाचे फोटो आमच्या गटाला दाखवत होतो. एक आजी मध्येच म्हणाल्या, "ट्रंकेवर नाव नाहीये." त्यांच्या माहेरच्या प्रत्येक ट्रंकेवर वडिलांचं नाव आणि गाव पांढऱ्या रंगाने लिहिलेलं असायचं, बदली झाली की हरवू नये म्हणून. त्यानंतर मला त्या बारा ट्रंका वेगळ्याच दिसायला लागल्या.

१९९२-९३च्या दंगलींवर असं काही झालं का?

झालं. दंगल म्हणजे सरकारी हिंसा कशी, असं कुणी विचारलं तर मी या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातला एक तक्ता सांगतो. आयोगाने नोंदलेल्या ९०० मृत्यूंपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात झाले. भोसकाभोसकीत ३४७. म्हणजे मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक सरकारी गोळीचा.

त्या काळातलं सगळ्यात नेमकं काम मला विवान सुंदरम यांचं 'मेमोरियल' वाटतं, १९९३चं. त्यात व्हिडिओ नाही, तरी इथे सांगतोच, कारण पुढची बरीच व्हिडिओशिल्पं त्याच वाटेने गेली. होशी जाल या वृत्तपत्र छायाचित्रकाराने मुंबईच्या रस्त्यावर पालथ्या पडलेल्या एका मृत माणसाचा फोटो काढला होता. सुंदरमनी तो एकच फोटो घेतला आणि पुन्हा पुन्हा त्याच्यावर काम केलं. कुठे त्यावर खिळे ठोकले, कुठे काचेखाली ठेवला. वाटेत पत्र्याच्या ट्रंकांची कमान. हो, इथेही ट्रंका. आपल्याकडे घर सोडणं म्हटलं की ट्रंक येतेच.

पेपरातला फोटो आपण दहा सेकंद बघतो आणि त्यावर पोहे ठेवतो. त्याच फोटोला देह मिळाला, खिळा लागला, तर वळसा घालून जावं लागतं.

नवजोत अल्ताफ यांचं २००३चं 'लॅक्युना इन टेस्टिमनी' गुजरातच्या २००२च्या हिंसेनंतरचं. तीन पडद्यांवर एकदम चालणारा व्हिडिओ, समुद्र, आणि ७२ आरसे. पाणी हळूहळू लाल होतं. आरशात पडद्याचे तुकडे दिसतात आणि बघणाऱ्याचेही. नाव मात्र जड आहे. 'साक्षीतली पोकळी' म्हणू या : जो पुरता साक्षीदार होता तो मेला, आणि जो बोलतोय त्याने सगळं पाहिलेलं नाही.

पण प्रत्यक्ष हिंसा दाखवतच नाहीत. कलाकार घाबरतात का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गटात येतो, आणि बहुधा थोड्या रागाने.

पुन्हा फारोकी. १९६९, व्हिएतनाम युद्ध जोरात. एका कृष्णधवल चित्रपटात तो साध्या टेबलापाशी बसून नापाम, म्हणजे अंगाला चिकटून जळणाऱ्या इंधनाच्या, बॉम्बने भाजलेल्या एका व्हिएतनामी माणसाची साक्ष वाचतो. मग कॅमेऱ्याकडे बघून सांगतो की आम्ही तुम्हाला भाजलेल्या माणसांची चित्रं दाखवली तर तुम्ही डोळे मिटाल. आधी चित्रांपुढे मिटाल, मग त्यांच्या आठवणीपुढे, मग घटनेपुढे, आणि शेवटी सगळ्या संदर्भापुढेच. मग तो जळती सिगारेट उचलतो आणि स्वतःच्या हातावर विझवतो. निवेदक थंडपणे सांगतो, सिगारेट ४०० अंशांवर जळते, नापाम ३००० अंशांवर.

घाबरट माणसाचं हे काम नाही. एवढंच की त्याने तुमच्या डोळ्यांचा स्वभाव आधी ओळखलाय.

आल्फ्रेदो जार हा दुसरा. चिलीचा, १९५६चा जन्म. म्हणजे ११ सप्टेंबर १९७३ला तिथला लष्करप्रमुख पिनोशेने सत्ता बळकावली तेव्हा सतरा वर्षांचा. १९९४मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यात सैन्य होतं, सरकारी यंत्रणा होती, नभोवाणी होती. जार तिथे गेला, ढीगभर फोटो काढले. परत येऊन १९९५मध्ये त्याने काय मांडलं? काळ्या पेट्या. फोटो आत बंद, झाकणावर आत काय आहे त्याचं वर्णन. तुम्ही वाचता आणि चित्र तुमच्या डोक्यात उमटतं. थडगी मांडल्यासारख्या त्या पेट्या. सगळं जग त्या वर्षी रवांडाची प्रेतं टीव्हीवर बघत होतं आणि कुणी हललं नव्हतं. मग आणखी एक फोटो दाखवून काय होणार होतं, हा त्याचा प्रश्न. मला तो अजून सुटलेला नाही.

"बघण्याची मर्यादा" म्हणजे काय? डोळ्यांची की मनाची?

बऱ्याचदा साधी मोजपट्टीची. उदाहरण देतो, कारण हे मोघम बोलून कळत नाही.

उपग्रहाच्या फोटोत एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरची किती जागा व्यापतो यावर त्यात काय दिसणार हे ठरतं. अमेरिकेतल्या कंपन्यांना २०१४पर्यंत खुल्या विक्रीसाठी ५० सेंटिमीटरपेक्षा बारीक फोटो द्यायची परवानगी नव्हती. पन्नास सेंटिमीटर म्हणजे वरून पाहिलेल्या माणसाएवढी जागा. त्यामुळे त्या फोटोत माणूस एका ठिपक्यात जिरून जातो. लंडनचा 'फॉरेन्सिक आर्किटेक्चर' हा गट पाकिस्तानातल्या ड्रोन हल्ल्यांचा तपास करत होता, तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, म्हणजे दिसली नाही. छत भेदून आत जाऊन फुटणाऱ्या क्षेपणास्त्राचं भोक त्या ठिपक्यापेक्षा लहान असतं. मारणाऱ्याच्या कॅमेऱ्याला घर स्पष्ट दिसतं, तपासणाऱ्याला छतावर एक किंचित गडद ठिपका.

हितो श्टायर्ल या जर्मन कलाकार बाईंचं २०१३चं एक खट्याळ काम याच ठिपक्यावर आहे. अदृश्य कसं व्हावं याचे धडे, दूरदर्शनवरच्या शैक्षणिक कार्यक्रमाच्या चालीवर. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात विमानातले कॅमेरे जुळवण्यासाठी जमिनीवर काळे-पांढरे पट्टे रंगवलेले आहेत, डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्यासारखे. त्या पट्ट्यांपाशी धडा मिळतो : अदृश्य व्हायचं तर ठिपक्यापेक्षा लहान व्हा. लोक हसतात. मीही हसलो होतो.

दुसरी मर्यादा डोळ्यांवर बांधलेल्या पट्टीची. सीरियातल्या सैदनाया तुरुंगात कैद्यांना डोळे बांधून ठेवत, बोलायला बंदी. बाहेर आलेल्यांना विचारलं तुरुंग कसा होता, तर बघितलेलं फार थोडं. ऐकलेलं मात्र पुष्कळ : दाराची कडी, पावलं, पाण्याची टाकी, शेजारच्या कोठडीतली मारहाण. २०१६मध्ये लॉरेन्स अबू हमदान या कलाकाराने त्या आवाजांच्या आठवणी घेतल्या आणि त्यांवरून तुरुंगाचा आराखडा उभा राहिला. किती हळू कुजबुजलं तर पहारेकऱ्याला ऐकू जाणार नाही, हे त्याने कैद्यांकडून आवाज कमी-जास्त करत मोजून घेतलं. २०११नंतर ती कुजबुज १९ डेसिबलने खाली गेली होती. तुरुंगाच्या आतलं एकही चित्र नसताना आत काय बदललं हे तो आकडा सांगतो.

आणि तिसरी, उलटीच. जारच्या २००२च्या एका कामात अंधारात तीन उजळलेले मजकूर आहेत. त्यातला एक नेल्सन मंडेलांबद्दल. रॉबेन बेटावर कैद्यांना चुनखडीच्या खाणीत राबवत. पांढऱ्या दगडावरून परतणाऱ्या उन्हाने त्यांचे डोळे अधू झाले. काळे चष्मे मागितले तर वर्षानुवर्षं मिळाले नाहीत. हे वाचून तुम्ही बोळातून पुढच्या खोलीत जाता, तर समोर नुसता झगझगीत पांढरा पडदा. बघायला काही नाही, आणि बघवतही नाही. सरकार माणसाला अंधारात ठेवून आंधळं करतं तसं उजेडातही करतं.

काही काम इतकं सुंदर असतं की लाज वाटते. हा दुःखाचा बाजार नाही का?

कधी कधी असतो. सगळ्यांची वकिली मी करत नाही.

रिचर्ड मॉस या आयरिश कलाकाराचं २०१७चं 'इनकमिंग' घ्या. लष्करी उष्णता-कॅमेऱ्याने टिपलेले निर्वासित. माणसाचं शरीर तीस किलोमीटरवरून पकडणारा तो कॅमेरा, कायद्याच्या भाषेत शस्त्रातच मोडतो. तीन प्रचंड पडदे, चांदीसारखी चमकणारी माणसं. दिपून जातो आपण. पण त्या माणसांची कातडी, चेहरे, वय, सगळं उष्णतेत विरघळून गेलंय, आणि असं टिपलं जाताना अनेकांना पत्ताही नव्हता. शिकाऱ्याची दुर्बीण हातात घेऊन शिकारीवर टीका करता येते का? माझं मत, नीट येत नाही. आमच्या गटातले निम्मे लोक माझ्याशी सहमत नसतात.

मलानींचं काम सुंदर असूनही मला तसं का वाटत नाही, यावर मी पुष्कळ विचार केलाय. २०१२मध्ये जर्मनीत कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांचं 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' होतं. नाव उर्दू कवी फैज यांच्या कवितेवरून. छताला टांगलेले पाच पारदर्शक मायलारचे नळकांडे, आतून रंगवलेले, संथ फिरणारे. त्यांच्यातून सहा व्हिडिओंचा प्रकाश आरपार जातो आणि भिंतीवर सावल्या फिरतात. आपल्याकडची चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना ओळखीचं वाटेल. एका क्षणी कापडात गुंडाळलेला एका स्त्रीचा चेहरा दिसतो आणि त्यावरून अक्षरं सरकत जातात. महाश्वेतादेवींच्या कथेतली दोपदी यात आहे, सैन्याच्या ताब्यात बलात्कार झालेली, आणि नंतर अंगावर कपडे घ्यायला नकार देऊन अधिकाऱ्यासमोर तशीच उभी राहिलेली आदिवासी स्त्री. तुमची सावलीही भिंतीवर पडते, दोपदीच्या कहाणीच्या मध्ये. बाजूला सरकलात तरी पडते. सुंदर आहेच, पण लांब उभं राहून कौतुक करण्याची सोय नाही.

कागदावर व्हिडिओ दाखवतात म्हणे?

माहितीपटकार अमर कंवर यांचं 'द टॉर्न फर्स्ट पेजेस', २००४ ते २००८. ब्रह्मदेशात लष्करी राजवटीत प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर सरकारी घोषणा छापणं सक्तीचं होतं. मंडालेतला को थान हटे हा पुस्तकविक्रेता विकण्याआधी ते पान फाडून टाकायचा. पकडला गेला, तुरुंगात गेला.

कंवरनी या एका कृतीभोवती एकोणीस व्हिडिओ केले आणि ते लोखंडी चौकटीत लावलेल्या कागदांवर पाडले. वारा आला, कुणी जवळून गेलं की पान हलतं. त्यातल्या एका तुकड्यात ब्रह्मदेशचे तेव्हाचे लष्करशहा थान श्वे, २००४च्या भारतभेटीत राजघाटावर गांधींच्या समाधीवर फुलं वाहतायत. तेवढंच. निवेदन नाही. पाकळ्या हातातून पडतात, आणि तुम्हाला आठवतं की स्वागताला सरकार आपलंच होतं.

किती वेळ थांबायचं? बसायला जागाही नसते.

एक पूर्ण फेरा. दारावर मिनिटं लिहिलेली असतात. जिथे शिरलात तिथे परत आलात की संपलं. गुडघ्यांचा त्रास असेल तर कर्मचाऱ्याला सांगा, खुर्ची निघते.

भिंतीवरचा मजकूर इंग्रजीत, तोही अगम्य. आम्ही काय समजायचं?

ही तक्रार माझीही आहे. एका गॅलरीत मी मराठी मजकूर लावायची विनंती केली, फुकट करून देतो म्हटलं, तर 'डिझाइनमध्ये बसत नाही' असं उत्तर आलं. त्यामुळे आता मी गटाला सांगतो, मजकूर शेवटी वाचा. आधी तीन गोष्टी बघा. तुम्हाला कुठे उभं केलंय? तुमच्या पाठीमागे काय आहे? काय बघायला तुम्हाला वाकावं, वळावं, थांबावं लागतंय? एवढ्यावर भिशी मंडळातल्या एका बाईंनी जे सांगितलं ते नंतर वाचलेल्या मजकुरापेक्षा बरं होतं.

टीव्ही जळला, प्रोजेक्टर गेला, तर शिल्प मेलं का?

हा प्रश्न इलेक्ट्रिकवाले विचारतात, आणि तो फार चांगला आहे. जुन्या पिक्चर ट्यूबचे टीव्ही आता बनत नाहीत. ज्या कामात ते खोकंच शिल्प आहे तिथे संग्रहालयं जुने संच गोळा करून ठेवतात, सुट्या भागांसाठी. काही कलाकार सपाट पडदा चालवून घेतात, काही हट्टाने नाही म्हणतात. टेपवरचं चित्रण दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवावं लागतं. काम बहुधा तीन किंवा पाच प्रतींत विकलं जातं, आणि सोबत कागद येतो : खोलीची लांबी, भिंतीचा रंग, आवाज किती. ट्रंका मात्र गंजतात. त्या गंजू द्याव्यात असं मला वाटतं, पण संग्रहालयाच्या माणसांपुढे हे बोलू नका.

मुलांना न्यावं का?

दहा-बाराच्या पुढची न्या. आधी स्वतः बघून या. मुलं प्रेतांना घाबरत नाहीत तेवढी अंधाराला आणि अचानक आलेल्या आवाजाला घाबरतात.

आत मोबाइलवर शूट केलं तर चालतं?

नियम दारावर असतो. फ्लॅश कुठेच नाही. बाकी तुमची मर्जी, पण लेबनॉनच्या रबीह मरूए या कलाकाराने एक गोष्ट दाखवलीय ती ऐकून ठरवा.

२०११पासून सीरियातली माणसं मोबाइलवर आंदोलनं टिपत होती. त्यातल्या एका चित्रणात, गच्चीतून का खिडकीतून, कुणीतरी खाली लपलेला बंदूकधारी शोधतोय. तो सापडतो. बंदूकधारी वर बघतो, नळी वळते, सरळ कॅमेऱ्याकडे रोखली जाते. टिपणारा पळत नाही. गोळी सुटते, चित्र गरगरतं, खाली पडतं. मरूएला प्रश्न पडला की हा पळाला का नाही? त्याचं म्हणणं, हातातल्या छोट्या पडद्यावर जे दिसतं ते आपल्याला लागणार नाही, असं डोळ्याला वाटतं.

मरूएने अशा चित्रणांची छोटी पुस्तकं केली, अंगठ्याने भराभर पानं सोडली की चित्र हलतं तशी, आणि ती शाईच्या पॅडवर चिकटवून टेबलावर ठेवली. गोळी लागते तो क्षण बघायचा तर पानं तुम्हालाच उलटावी लागतात. थांबलात तर माणूस उभा राहतो. बघून बाहेर पडणारे सगळे बोटं पुसायला काहीतरी शोधत असतात.